छत्र्यांच्या जाहिरातीत माझं नाव

"बाई, आज पोरी न्हाईत यायच्या," ठकूबाई दारातूनच म्हणाली.

ठकूबाई आमच्या मुलींच्या शाळेची बोलावणारी. रोज सकाळी घरोघर हाका मारत जायची आणि मुलींची रांग घेऊन यायची. त्या दिवशी तिच्यामागं कुणीच नव्हतं. हातात एक गुलाबी कागद होता आणि तो तिनं दोन बोटांत, अंगापासून लांब धरला होता.

"का? कुणाकडे काही कार्य आहे का?"

"कार्य न्हाई न काय न्हाई. कुलकर्ण्यांच्या दारात गेले तर म्हातारी आतनंच वरडली, आमच्या पोरीला छत्री मिरवायला शिकवायचं न्हाई म्हनून. सोनारानं तर तोंडावर दार लावलं. देशपांड्यांच्या सुनंनं ह्यो कागद दिला आन म्हनली, तुमच्या बाईस्नी नेऊन दाव. काय वो लिवलंया त्यात?"

मी कागद घेतला. शिळाप्रेसवर छापलेला होता, शाई अजून बोटांना लागत होती.

"जाहीर खबर! मोसम अखेरचा क्लिअरिंग सेल! पाऊसकाळ संपल्यामुळें बसाप्पा शेटे यांचे पेठेंतील दुकानीं उरलेल्या उत्तम विलायती छत्र्या घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत पडत्या भावानें काढून टाकणेच्या आहेत. छत्री ही केवळ पुरुषांनींच वापरावी हा समज आतां जुना झाला. येथील मुलींचे शाळेच्या हेडमास्तरीण सौ. द्वारकाबाई टेंभे या आमचेच दुकानची छत्री उघडून भर पेठेंतून जातात, आणि 'छत्री घेतल्यापासून पदर पुढें ओढण्याचे कष्ट वाचले' असें हंसून सांगतात. तरी सर्व कुलीन स्त्रियांनीं या संधीचा लाभ घ्यावा."

मी ते पुन्हा वाचलं. एकोणिसावं शतक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. कृष्णाकाठच्या त्या तालुक्याच्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण त्या माणसांची नातवंडं अजून तिथं नांदताहेत. तिथं बाईनं छत्री घेणं म्हणजे वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर पाय ठेवण्यासारखं होतं. माझ्याकडे छत्री होती, हे खरं. पण मी ती मागच्या गल्लीनं न्यायची, आणि समोरून कुणी म्हातारं माणूस दिसलं की पाऊस असो वा ऊन, मिटून काखेत धरायची. भर पेठेतून मी कधी गेले नव्हते. आणि ते पदराचं वाक्य? ते मात्र माझंच होतं. कुठं, कुणाजवळ बोलून गेले ते त्या क्षणी आठवेना. रागानं कानशिलं तापली होती.

"वंगाळ हाय का?" ठकूबाईनं विचारलं.

"शाळेला कुलूप लाव," मी म्हटलं.

घरी जाताना गाव बघितलं. मारुतीच्या देवळाच्या खांबाला तो कागद चिकटवलेला होता. चावडीपाशी चारपाच पुरुष उभे होते. एकजण ते मोठ्यानं वाचत होता आणि मला पाहून थांबला नाही, उलट पदराच्या वाक्याशी आला तेव्हा आवाज बारीक, बायकी केला. सगळे हसले. पाणवठ्याहून येणाऱ्या दोघी बायका, ज्यांच्या लेकी माझ्याकडे बाराखडी शिकत होत्या, त्या मला वाट द्यावी तशा भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि मी पुढं गेल्यावर एक जण थुंकली. ते थुंकणं मला आजही ऐकू येतं.

घरी आमचे यजमान पाटावर बसून जेवत होते. रंगनाथपंत टेंभे त्यांचं नाव. मुलांच्या शाळेत ते असिस्टंट मास्तर होते. ती शाळा दुपारची. यांनीच मला लग्नानंतर पुण्याला ट्रेनिंगला धाडलं होतं. त्यासाठी आईवडिलांची बोलणी खाल्ली होती, हे मी नाकारत नाही. पुढं मी मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण झाले, आणि हे होते तिथंच राहिले.

"हे वाचलंत?" मी कागद त्यांच्यापुढं टाकला.

"सकाळीच खांबेटे वकिलांनी बोलावून दाखवला." यांनी भातावरची आमटी कालवली. "शाळा कमिटी आज चारला बसणार आहे. तुला बोलावलंय. मलाही."

"मला कशाला? त्या शेट्याला बोलावा म्हणावं. मी त्याला कोर्टात खेचीन."

"बायकोनं कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, म्हणजे आणखी एक जाहिरात. शांत हो. मी काय म्हणतो, राजीनामा देऊन मोकळी हो. मी मसुदा करून ठेवलाय. तुझी सही तेवढी हवी."

"मसुदा झालासुद्धा?"

"वेळ कुठाय? आपण होऊन दिला तर अब्रू राहील. काढून टाकलं तर काय राहील?"

"पण मी केलं काय?"

"तू काही केलंस असं मी कुठं म्हणतो? लोक म्हणतात." एवढं बोलून यांनी वाटी पुढं केली. "जरा ताक वाढ."

माझं नाव गावभर भिंतींना चिकटलं होतं आणि हे ताक मागत होते. मी वाढलं. सवयीनं हात गेला. मग पदर खोचला आणि तशीच पेठेकडे निघाले.

"कुठं चाललीस?" हे ओरडले. "अगं, लोक बघताहेत, आज तरी घरात बस!"

बसाप्पा शेट्याच्या दुकानापुढं ताशा वाजत होता. अंगाला पुढं-मागं रंगवलेल्या फळ्या बांधलेला एक माणूस डोक्यावर उघडी छत्री धरून गोल फिरत होता आणि "किलेरी शेल, किलेरी शेल" असं ओरडत होता. पुरुषांची गर्दी जमली होती, पण छत्री कुणी हातात धरत नव्हतं. ते तमाशा बघायला आले होते. मी दिसताच ताशा आपोआप थांबला.

"आली, आली," कुणीतरी म्हणालं.

"पदर सांभाळा बाई! उगा कष्ट पडायचे!" दुसऱ्यानं मागून सूर लावला.

मी वळून पाहिलं नाही. दुकानाच्या पायरीपाशी उभी राहिले. बसाप्पा गादीवर बसला होता. जाडजूड, कपाळाला विभूतीचे पट्टे, एरवी गोड बोलणारा माणूस. त्यानं मला पाहिलं आणि त्याचं तोंड आंबलं.

"या बाई. आत येऊन बसा."

"बसायला आले नाही. माझं नाव कुणाला विचारून छापलंत?"

"हळू बोला की. समदं गाव ऐकतंय."

"गावानं वाचलंय, आता ऐकू दे. कुणाला विचारून छापलंत?"

बसाप्पाही चिडला. "हे बघा, ह्या साली पावसानं दगा दिला. माल तसाच पडून ऱ्हायला. पुढच्या सालापतोर कापड कुजंल, काड्या गंजतील. म्हटलं बायामानसं घ्याया लागली तर दुकान रिकामं हुईल. तर झालं काय? सकाळपासनं एक बाई फिरकली न्हाई, आन गडीमानसंबी घेईनात. म्हणत्यात, बायकी छत्र्या हाईत. वाटोळं माझं झालंय. तुमच्या नावानं झालंय!"

"मग उद्याच्या उद्या दुसरा कागद छापा. लिहा, की पहिला खोटा होता. टेंभेबाईंनी असं काही सांगितलेलं नाही."

"खोटा?" तो गादीवरून उठला. "खोटा कसा लिवू? टेंभे मास्तरांनी सोताच्या हातानं लिवून दिलंय ते. त्यास्नी खोटं ठरवू?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कुणी?"

"तुमच्या मालकांनी की. मी त्यास्नी एवढंच म्हटलं, मास्तर, तुमचं अक्षर चांगलं, भाषा चांगली, छत्र्यांवर दोन शब्द लिवा. तुमचं नाव त्यांनीच घातलं. मी इचारलं बी, बाईस्नी चालंल का. तर म्हनले, तिला इचारूनच लिवलंय." माझा चेहरा बघून तो खाली उतरला आणि आवाज पाडून बोलला, "बाई, तुमाला ठावं नव्हतं?"

"त्यांना काय दिलंत याचं?"

"छत्री देत हुतो. नगं म्हनले. काईच नगं म्हनले. म्हनूनशान तर मला वाटलं, बायकूच्या कौतुकानं लिवलंय."

तेव्हा ते वाक्य मला आठवलं. आषाढातली संध्याकाळ होती. मी शाळेतून येऊन ओसरीवर छत्री झटकत होते, डोक्यावरचा पदर मागं घसरला होता, आणि मी यांना हसत म्हटलं होतं, छत्री घेतल्यापासून पदर पुढं ओढायचे कष्ट वाचले बघा. हेही हसले होते. ओसरीवर आम्ही दोघंच होतो.

मागं गर्दी कुजबुजत होती. "काय म्हनला? मास्तरांनी?" मी पायरीवरून उतरले. ताशा पुन्हा सुरू झाला नाही. लोकांनी मला वाट करून दिली. घरी मी गेले नाही. घाटावर जाऊन बसले, तोंडावर पाणी मारलं आणि पात्राकडे बघत राहिले. पैसे घेतले असते तर मला समजलं असतं. गरज होती, चूक झाली, असं म्हणता आलं असतं. त्यांनी काहीच घेतलं नव्हतं. मी किती हसतमुखानं ते बोलले होते, तेवढंच त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि त्याची बरोबर जागा त्यांना सापडली होती.

चारला मी कचेरीत गेले. म्युनिसिपालिटीच्या दिवाणखान्यात कमिटीची मंडळी बसली होती. मध्ये खांबेटे वकील, कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या उजवीकडे इनामदार, डावीकडे एक म्हातारे वैद्य. हे एका बाजूला खुर्चीवर होते. मला कुणी बसायला सांगितलं नाही. टेबलावर गुलाबी कागद होता आणि त्याच्याशेजारी यांच्या वळणदार अक्षरातला राजीनामा.

"बाई," खांबेटे म्हणाले, "कमिटी तुम्हांला शिक्षा करायला बसलेली नाही. तुमचे यजमान समंजस आहेत. त्यांनी अर्ज आणलाच आहे. तुम्ही सही करा, आम्ही 'घरगुती कारणास्तव' असं लिहितो. विषय संपला."

"ते काय केव्हाही होईल," इनामदार मिशीवर हात फिरवत म्हणाले. "मला आधी हे ऐकायचंय. बाई, ही छापलेली वाह्यात भाषा तुमची आहे का? का त्या वाण्यानं पदरची घातली? पदरचीच म्हणायची!" आणि आपल्याच कोटीवर हसले. वैद्यही हसले.

हे हसले नाहीत. खाली बघत होते. मला ती मान नीट दिसत होती, दोन दिवसांमागं हजामत केलेली. मला तेव्हा एकच उत्तर द्यायचं होतं, की माझ्या नवऱ्यानं मला न सांगता हे केलं. ते खरं होतं. ते ओठांवर आलं होतं. पण ते उच्चारलं असतं तर काय झालं असतं, तेही मला दिसलं. तिघांनी यांच्याकडे पाहिलं असतं, मनातून कौतुकच केलं असतं, बायकोला ठिकाणावर आणायची युक्ती म्हणून. आणि राजीनाम्याचा कागद माझ्याकडे सरकवला असता.

"भाषा माझी आहे," मी म्हटलं.

यांनी मान वर केली.

"म्हणजे तुमच्या परवानगीनं छापलं?" खांबेट्यांनी विचारलं.

"हो. बोलले मी, लिहिलं यांनी." मी यांच्याकडे हात केला. "माझ्या यजमानांचा मजकूर आहे तो सगळा. त्यांना वाटलं, बायकांनी छत्री वापरावी हे कुणीतरी उघड लिहायला हवं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. शेट्यांना बोलावून विचारा. यांनी एक पैसाही घेतला नाही."

इनामदारांचा हात मिशीवरच राहिला.

"टेंभे," खांबेटे हळूच म्हणाले, "हे खरं?"

हे माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं संसार केला, पण यांच्या डोळ्यांत मी तसा द्वेष पूर्वी पाहिला नव्हता. बहुधा माझ्याही डोळ्यांत तोच होता. नाही म्हणण्याची सोय नव्हती, बसाप्पा हाकेच्या अंतरावर होता. आणि 'तिला माहीत नव्हतं' म्हणावं, तर बायकोच्या पाठीमागं तिचं नाव बाजारात मांडलं असं स्वतःच्या तोंडानं कबूल करावं लागणार होतं.

"हो," हे म्हणाले.

"तुम्ही सरकारमान्य शाळेतले मास्तर. दुकानदाराच्या जाहिराती लिहिता? तुमच्यावरही ठपका येतो, कळतंय ना? बाईंना काढायचं तर तुम्हांलाही काढावं लागेल."

"असं कसं, असं कसं," इनामदार एकदम घाईनं म्हणाले. त्यांचा मुलगा स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणार होता आणि त्याचं गणित हेच करून घेत होते. "मास्तर कामाचा माणूस आहे. समज देऊ. दोघांनाही समज देऊ. पुन्हा असं करू नये, बस्स."

वैद्यांनी मान हलवली. खांबेट्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या हुशार माणसाला काहीतरी कळलं असावं. मग त्यांनी राजीनाम्याचा कागद उचलला, घडी केली आणि यांच्या हातात परत दिला.

परत येताना हे पुढं, मी मागं. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. माणसं ओट्यांवर येऊन बघत होती, आता दोघांकडे. एकानं यांना हाक मारली, "काय मास्तर, पुढची जाहिरात कशाची? लुगड्यांची का?" यांनी पाऊल वाढवलं. मी वाढवलं नाही.

घरात शिरताच यांनी दार लावलं.

"त्या लोकांसमोर माझं नाक कापलंस."

"मी तुमची स्तुती केली."

"स्तुती! माझ्या नोकरीवर आणलंस तू!"

"तुम्ही माझ्या नोकरीवर आणलंत. फरक एवढाच, मी तुमच्या तोंडावर केलं."

हे खुंटीला टोपी अडकवायला गेले, ती पडली, तशीच राहू दिली. "मुलं वर्गात मला काय म्हणतात माहीत आहे? 'बाईंचे मास्तर.' मी फळ्याकडे वळलो की म्हणतात. मुलींच्या शाळेतली बाई, तिचे मास्तर. ज्या माणसानं तुला अक्षर दाखवलं त्याला!" त्यांचा आवाज चिरकला. "मला एवढंच हवं होतं, तू घरी बसावंस. तुझं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. चार दिवस लोक बोलले असते आणि विसरले असते."

"मग मला तसं म्हणायचं."

"काय म्हणायचं? सोड म्हणून? मीच तुला घातलं त्यात. कुठल्या तोंडानं म्हणू?"

"याच तोंडानं. एकदा म्हटलं असतंत तर मी कदाचित सोडलीही असती."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नव्हते आणि ते त्यांना कळलं. खाली पडलेली टोपी उचलून यांनी खुंटीला अडकवली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मग आता म्हणतो. सोड."

"आता नाही," मी म्हटलं आणि चुलीकडे वळले.

बसाप्पाच्या छत्र्या दसऱ्यापर्यंत तशाच राहिल्या. पुढं त्यानं त्या घाटाखालच्या बाजारात नेऊन विकल्या म्हणतात. माझी शाळा बरेच दिवस ओस होती. ठकूबाई रोज हिंडून एखाददुसरी मुलगी घेऊन यायची, आणि मी तिच्यासाठीसुद्धा फळा पुसून तारीख लिहायची. दिवाळीनंतर मुली हळूहळू परतल्या. कुलकर्ण्यांची नात आली नाही, ती कधीच आली नाही. माझी नोकरी टिकली. यांचीही टिकली. घरात आम्ही लागेल तेवढं बोलायचो. स्वयंपाक काय, दळण संपलं का, दिव्यात तेल आहे का. मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. त्या दिवसाचा विषय दोघांनीही काढला नाही.

काळ बदलला. गावात वाचनालय निघालं, सुधारणेची भाषणं होऊ लागली, शिकलेल्या बायकोचा नवरा असणं ही कौतुकाची गोष्ट झाली. आणि एका वर्षी वाचनालयाच्या मंडळींनी यांचा सत्कार ठरवला. स्त्रीशिक्षणाचे गावातले पहिले कैवारी म्हणून. हे तेव्हा थकले होते, केस पांढरे झाले होते. शाल, श्रीफळ, हार झाला. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं.

हे भाषणाला उभे राहिले. "त्या काळात," हे म्हणाले, "स्त्रीनं छत्री घेतली तरी गाव खवळायचं. तेव्हा मी माझ्या पत्नीचं नाव उघड जाहिरातीत छापलं. तिच्या संमतीनं छापलं. कमिटीनं आम्हां दोघांना उभं केलं. माझी नोकरी जायची वेळ आली. पण आम्ही दोघंही मागं हटलो नाही." बोलताना कुठं अडखळले नाहीत. शेवटी तर त्यांचे डोळे भरून आले आणि ते सोंग नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांचा त्यावर विश्वास बसला होता. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. शेजारच्या तरुण बाईनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "भाग्यवान आहात हो तुम्ही."

घरी येताना रस्त्यात यांनी शाल अंगाभोवती नीट घेतली. बऱ्याच वर्षांनी ते माझ्या बरोबरीनं चालत होते.

"भाषण बरं झालं का गं?" यांनी विचारलं.

"पाठांतर चांगलं होतं," मी म्हटलं.